पो नदीकाठचे पंजाबी गवळी

आल्प्सच्या पश्चिम टोकाला उगम पावून एड्रियाटिक समुद्राला मिळणारी पो ही इटलीतील सर्वांत लांब नदी. तिच्या दोन्ही तीरांवरील सपाट, धुक्याने वेढलेला मुलूख आज युरोपातील अतिशय सुपीक प्रदेशांत गणला जातो. नऊशे वर्षांपूर्वी मात्र त्यातील बराच भाग दलदलीचा होता. ती दलदल उपसून तिची कुरणे करण्याचे मोठे काम मठवासीयांनी केले. संत बर्नार्ड यांच्या प्रेरणेने ११३५ साली मिलान शहराच्या दक्षिणेस किआराव्हाल्ले येथे सिस्टर्शियन संघाचा मठ उभा राहिला. तेथील बंधूंनी चर खणले, झऱ्यांचे पाणी वळवले आणि भर हिवाळ्यातही ते पाणी पातळ थराने कुरणावरून खेळते ठेवण्याची युक्ती साधली. झऱ्याचे पाणी हवेच्या मानाने उबदार असते. त्यामुळे गवत गोठत नाही आणि थंडीतही कापणीला येते. गवत वाढले तशा गाई वाढल्या आणि गाई वाढल्या तसे दूध. दूध टिकत नाही. म्हणून ते आटीव, कठीण आणि वर्षानुवर्षे टिकेल अशा चीजच्या रूपात साठवण्याची कला तेथे रुजली. मिलानकडील ‘ग्राना’ आणि पार्मा-रेज्जो भागातील ‘पार्मिज्यानो रेज्यानो’ या दोन्ही चीजांची परंपरा सिस्टर्शियन व बेनेडिक्टाइन मठांशी जोडली जाते.

सेमिनरीत आम्हाला या मठांचा इतिहास शिकवला गेला तो हस्तलिखिते, स्तोत्रगायन आणि संघांच्या सुधारणा यांच्या अंगाने. गोठा त्यात नव्हता. वास्तविक सिस्टर्शियन मठांत दोन प्रकारचे बंधू असत. एक गायनमंडपात बसून दिवसाच्या प्रार्थना म्हणणारे, आणि दुसरे ‘कॉन्व्हर्सी’, म्हणजे बहुधा शेतकरी घरांतून आलेले, अक्षरओळख नसलेले, शेतीवर आणि जनावरांमागे राबणारे. मठाच्या चर्चमध्येदेखील त्यांची बसण्याची जागा वेगळी असे. दूध कोणी काढायचे हा प्रश्न त्या पवित्र भिंतींच्या आतही एका विशिष्ट वर्गाकडे बोट दाखवून सोडवला गेला होता, ही गोष्ट पुढचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

मठांच्या जमिनी पुढे सरदारांकडे, मग भांडवलदार खंडकऱ्यांकडे गेल्या. मध्ये चौक आणि चारही बाजूंना धान्याची कोठारे, गोठे व मजुरांच्या खोल्या अशी ‘काशीना’ नावाची शेतवाडी हे त्या मैदानाचे वैशिष्ट्य ठरले. गोठ्यात राबणारी माणसे पुष्कळदा उत्तरेकडील बेर्गामोच्या डोंगरातून येत. शरद ऋतूत डोंगरावर गवत संपले की हे पशुपालक आपल्या गाई घेऊन पायी मैदानात उतरत, एखाद्या काशीनाची वैरण विकत घेऊन हिवाळा काढत आणि वसंतात परत जात. लांबच्या वाटचालीने थकलेल्या गाईंच्या दुधापासून होणाऱ्या मऊ चीजला ‘स्ट्राक्किनो’ म्हणतात. स्थानिक बोलीत त्या शब्दाच्या मुळाशी ‘थकलेला’ असाच अर्थ आहे. कालांतराने यांतील बरेच लोक मैदानातच स्थिरावले आणि ‘बेर्गामिनो’ हा शब्द गावाचा न राहता धंद्याचा झाला. लोंबार्दीच्या मैदानात बेर्गामिनो म्हणजे गाईंची निगा राखणारा, धार काढणारा माणूस.

या माणसाचे वर्ष संत मार्टिनच्या सणाला, ११ नोव्हेंबरला, संपे. त्या दिवशी शेतीचे करार संपत. मालकाने करार पुढे चालू ठेवला नाही तर कुटुंबाने भांडीकुंडी, गाद्या, कोंबड्या गाडीवर लादून दुसरी काशीना शोधायची. इटालियन भाषेत घर बदलण्याला आजही ‘संत मार्टिन करणे’ म्हणतात. ज्या संताने आपल्या अंगावरचा झगा अर्धा कापून थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला, त्याच्याच सणाला नोव्हेंबरच्या थंडीत गरिबांना घराबाहेर पडावे लागे! एर्मान्नो ओल्मी यांनी १९७८ साली बेर्गामोच्या या शेतकऱ्यांवर चित्रपट काढला आणि त्याला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मुलाच्या लाकडी पादत्राणासाठी मालकाचे एक झाड तोडल्याबद्दल ज्याचे बिऱ्हाड रस्त्यावर येते, त्या बापाची ती कथा आहे. पोप संत तेविसावे जॉन याच बेर्गामो प्रांतातील सोत्तो इल मोंते गावी २५ नोव्हेंबर १८८१ रोजी, वाट्याने जमीन कसणाऱ्या कुटुंबात जन्मले. १९६१ सालच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या विश्वपत्रात त्यांनी शेती सोडून शहराकडे निघालेल्या माणसांविषयी इतक्या विस्ताराने लिहिले, यात नवल नाही.

तोवर ही माणसे निघालीच होती. खरे तर त्याच्या आधीही निघाली होती, फक्त दिशा निराळी होती. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख इटालियन पोटासाठी देशाबाहेर गेले. पो नदीच्याच काठावरील प्याचेन्झा धर्मप्रांताचे बिशप जॉन बाप्टिस्ट स्कालाब्रिनी यांनी मिलानच्या रेल्वे स्थानकात अमेरिकेला निघालेल्या शेतकऱ्यांचे जथे पाहिले. त्या दृश्याने अस्वस्थ होऊन त्यांनी लेखन केले आणि १८८७ साली स्थलांतरितांच्या सेवेसाठी धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांना संतपद देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या औद्योगिक भरभराटीत परदेशी जाण्याची गरज कमी झाली. मिलान व तुरीनचे कारखाने जवळ होते. आठ तासांची पाळी, रविवारची सुट्टी आणि स्वच्छ कपडे यांपुढे गोठा टिकला नाही. गाईला रविवार कळत नाही आणि नाताळही कळत नाही. यंत्रे आली, पण सड पुसून यंत्राचे पेले लावायला, आजारी गाय ओळखायला आणि शेण काढायला माणूस लागतच होता. शेतकऱ्याचा मुलगा बँकेत गेला, मजुराचा मुलगा कारखान्यात गेला आणि १९८०च्या सुमारास पो नदीकाठच्या गोठ्यांत पहाटे कोण उठणार, हा प्रश्न मालकांपुढे उभा राहिला.

पंजाबी माणूस या प्रदेशात प्रथमच आला, असे मात्र नाही. १९४३ ते १९४५ या काळात भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन इटलीत लढल्या आणि साडेपाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक तेथे मृत्युमुखी पडले. त्यांत शीख होते तसे मराठेही होते. कुलाबा जिल्ह्यातील यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात वीरमरण आले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या पाण्यातून जखमी साथीदारांना वाहून नेले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फोर्ली शहराजवळच्या भारतीय सैनिकांच्या दफनभूमीपासून चीजचे प्रसिद्ध कारखाने फार दूर नाहीत. पण सैनिक गेले ते गेले. चाळीस वर्षांनी आलेल्या गवळ्यांचा त्यांच्याशी थेट संबंध जोडता येत नाही. तो जोडण्याचा मोह भाषणांत होतो, एवढेच.

हे गवळी आले ते प्रामुख्याने बियास व सतलज यांमधील दोआबातून, म्हणजे जालंधर, होशियारपूर, कपूरथळा या जिल्ह्यांतून. हरितक्रांतीने त्या भागाला पैसा दाखवला, पण वाटण्या होत होत जमीन तुटपुंजी झाली. १९८४ नंतरच्या अशांततेने घरोघरच्या आईबापांना मुलगा बाहेर असलेलाच बरा, असे वाटू लागले. ब्रिटनची दारे तोवर जवळजवळ बंद झाली होती. इटलीत १९९०पूर्वी परकीयांवरचे निर्बंध सैल होते. अनेकांनी तर इटलीला जर्मनीच्या किंवा इंग्लंडच्या वाटेवरचा थांबा मानले होते. सुरुवातीच्या काहींना सर्कशीत जनावरांची देखभाल करण्याचे काम मिळाले आणि सर्कशीतून ते रेज्जो एमिलियाच्या गोठ्यांत पोहोचले. एकाने गोठ्यात जम बसवला की मालकच त्याला विचारी, ‘तुझ्यासारखा आणखी कोणी आहे का?’ मग धाकटा भाऊ येई, मेहुणा येई, गाववाला येई. पुष्कळांचे पहिले काम म्हणजे नेहमीचा गवळी सुट्टीवर गेला की त्याची बदली करणे. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून काम मिळाले असे सांगणारा माणूस मला त्या मुलखात भेटला नाही.

कायदा या वास्तवामागून लंगडत आला. १९८६, १९९०, १९९५, १९९८ आणि २००२ अशा ठरावीक अंतराने सरकारने कागदपत्रांविना काम करणाऱ्यांना नियमित करण्याच्या संधी दिल्या. एकट्या २००२च्या मोहिमेत सहा लाखांहून अधिक परकीय कामगारांना परवाने मिळाले. मधल्या काळात वार्षिक कोट्याची पद्धत होती. तिच्यानुसार इटालियन मालकाने परदेशात बसलेल्या कामगाराला नावानिशी बोलवायचे. पहाटे चार वाजता शंभर गाईंची धार काढायला, ज्याला कधी पाहिलेही नाही अशा माणसाला कोणता शेतकरी बोलवील? प्रत्यक्षात असे होई की माणूस आधीच गोठ्यात लपूनछपून काम करत असे. मालक त्याच्या नावाने अर्ज करी. कोट्यात नाव लागले की तो भारतात परत जाई आणि दिल्लीहून व्हिसा घेऊन जणू प्रथमच आल्यासारखा त्याच गोठ्यात पुन्हा दाखल होई. नियम बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते, मालकांना ठाऊक होते आणि दलालांना तर सर्वांत चांगले ठाऊक होते. एका सहीच्या कागदाची किंमत काही लाख रुपयांवर गेली ती त्यामुळेच. दोआबात त्यासाठी जमिनी गहाण पडल्या.

ज्यांना सहीचा कागद मिळाला नाही ते समुद्रमार्गे निघाले. १९९६ साली नाताळच्या रात्री, २५ आणि २६ डिसेंबरच्या दरम्यान, सिसिलीच्या दक्षिण टोकाजवळील पोर्तोपालोच्या समुद्रात मोठ्या जहाजातून लहान बोटीत माणसे उतरवली जात असताना ती बोट बुडाली. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील किमान २८३ जण मरण पावले. त्यांत पंजाबी तरुण मोठ्या संख्येने होते. वाचलेल्यांनी सांगितलेली हकिकत कोणी खरी मानली नाही. कोळ्यांच्या जाळ्यांत प्रेते येत होती. चौकशीत बोट जप्त होईल आणि मासेमारी बुडेल, या भीतीने ती पुन्हा समुद्रात सोडून दिली गेली. अखेर एका कोळ्याच्या जाळ्यात एक ओळखपत्र आले आणि त्याच्या विवेकाने त्याला स्वस्थ बसू दिले नाही. त्याच्या साहाय्याने २००१ साली ‘ला रेपुब्लिका’ या दैनिकाने समुद्रतळाशी त्या बोटीचे अवशेष शोधून काढले, तेव्हा कुठे ती घटना घडल्याचे देशाने मान्य केले. आदल्याच रात्री सर्व इटलीत मध्यरात्रीची मिस्सा झाली होती आणि गव्हाणीतल्या बाळावर प्रवचने झाली होती. धर्मगुरू या नात्याने मला ही तारीख विसरता येत नाही.

२०११च्या सुमारास जगभरच्या वृत्तपत्रांनी पो नदीकाठच्या पंजाब्यांचा शोध लावला. ‘शिखांनी इटलीचे चीज वाचवले’ अशा आशयाचे मथळे झळकले. शिखांचे गाईवर जात्याच प्रेम असते, पंजाबचा शेतकरी हाडाचा गवळी असतो, म्हणून तो येथे रमला, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. मला ते अर्धेच पटते. पंजाबात घरच्या म्हशींची धार पुष्कळदा बायका काढतात आणि सधन घरांतील शेण-वैरणीची कामे मजूर करतात. इटलीत आलेल्यांपैकी कित्येक तरुण महाविद्यालयात शिकलेले, जमीनदार जातीचे होते; गावी त्यांनी घमेले उचललेले नव्हते. आणि हे इकडे शेण काढत असताना त्यांच्या वडिलांच्या शेतात भात लावायला बिहारचे मजूर येत होते. ‘उपजत प्रेम’ हा शब्द मालकाच्या सोयीचा आहे. ज्याचे कामावर प्रेम आहे, त्याच्या तासांची मोजदाद कोण करतो?

मोजदाद करावी असेच ते तास आहेत. पार्मिज्यानोच्या नियमांनुसार धार संपल्यापासून दोन तासांच्या आत दूध कारखान्यात पोहोचावे लागते. संध्याकाळचे दूध रात्रभर उथळ टाक्यांत ठेवून त्यावरची साय काढतात, त्यात सकाळचे ताजे दूध मिसळतात आणि तांब्याच्या मोठ्या कढईत ते नासवतात. सुमारे ५५० लिटर दुधापासून ४० किलोंच्या आसपास वजनाचे एक चाक तयार होते व ते किमान बारा महिने मुरवले जाते. गाईंना मुरघास घालण्यास मनाई आहे. लसूणघास आणि वाळलेले गवत हाच मुख्य आहार. हे सारे गवळ्याच्या घड्याळावर अवलंबून असते. पहाटे तीन-चारला पहिली धार, दुपारी तीन-चारला दुसरी. मधले तास झोपेलाही पुरत नाहीत आणि दुसऱ्या कशालाही उपयोगी पडत नाहीत. गोठ्यालगतचे घर मोफत मिळते, हे खरे. पण २००२च्या बोस्सी-फिनी कायद्याने राहण्याचा परवाना नोकरीच्या कराराला बांधून टाकला आणि काम सुटल्यास नवे काम शोधण्याची मुदत सहा महिन्यांवर आणली. ती पुन्हा एक वर्षाची व्हायला २०१२ उजाडावे लागले. म्हणजे काम गेले की घर गेले आणि घरामागून देशही जाण्याची भीती. बेर्गामोच्या गवळ्याचा संत मार्टिन वर्षातून एकदा येई. या गवळ्याचा कोणत्याही महिन्यात येऊ शकत होता.

तरीही माणसे टिकली, कुटुंबे आली. रेज्जोजवळ नोव्हेल्लारा येथील गुरुद्वाराचे उद्घाटन २००० साली रोमानो प्रोदी यांच्या हस्ते झाले; ते त्या वेळी युरोपीय आयोगाचे अध्यक्ष होते. क्रेमोना प्रांतातील पेस्सिना क्रेमोनेसे येथे २०११ साली युरोपातील मोठ्या गुरुद्वारांपैकी एक उभा राहिला; त्याला उजव्या पक्षांनी विरोध केला होता. ज्यांच्या हातचे दूध चालते त्यांची प्रार्थना मात्र चालत नाही, हा अनुभव आपल्यालाही अगदी अपरिचित नाही. काहींनी स्वतःचे गोठे घेतले. पाव्हिया प्रांतातील आरेना पो येथे दोघा पंजाबी भावांचा असाच गोठा होता. १२ सप्टेंबर २०१९ रोजी शेणाच्या टाकीतील विषारी वायूने तेथे चार जण मेले. दोघे मालक भाऊ आणि दोघे त्यांचे कामगार. एकाला वाचवायला बाकीचे उतरले असावेत, असे तपासात पुढे आले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत कोरोनाचा उद्रेक प्रथम लोदी प्रांतातील कोदोन्योला झाला. हा भाग म्हणजे ऐन दुधाचे आगर. गावे बंद झाली, चर्चेस बंद झाली. गोठे बंद ठेवता येत नाहीत.

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. रोममध्ये शिकत असताना २००४ सालच्या ऑगस्टमध्ये क्रेमोनाकडील एका लहान धर्मग्रामात मी महिनाभर बदलीवर होतो. तेथील धर्मगुरू सुट्टीवर गेले होते. गावाच्या टोकाला एक मोठा गोठा होता. तेथील होशियारपूरचा गवळी मला रस्त्यात भेटला आणि माझा रंग पाहून हिंदीत बोलू लागला. मी ख्रिस्ती धर्मगुरू आहे हे कळल्यावर तो क्षणभर गप्प झाला. मग संध्याकाळी वेतनाचे कागद घेऊनच आला. महिन्यातले जवळजवळ सगळे दिवस तो राबे. कागदावर निम्मे दिवस दाखवलेले होते. उरलेल्यांचे पैसे हातात, तेही कमी दराने. विम्यात आणि निवृत्तिवेतनात ते दिवस धरले जाणार नव्हते, आणि बायकोमुलांना बोलवायचे तर कागदावरचे उत्पन्न अपुरे पडत होते. ‘फादर, वो आपकी बात सुनेगा,’ एवढेच तो म्हणाला.

त्याचा मालक दर रविवारी पहिल्या बाकावर असे. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला त्याने मोठी देणगी दिली होती. त्याने मला दोनदा जेवायला बोलावले आणि दोन्ही वेळा मी गेलो. पहिल्यांदा त्याची म्हातारी आई टेबलाशी होती म्हणून मी विषय काढला नाही. दुसऱ्यांदा त्याने स्वतःच, ‘तुमची माणसे फार चांगली, कधी तक्रार करत नाहीत,’ असे म्हणून माझ्या ताटात चीजचा तुकडा वाढला, आणि मी तो खाल्ला. धर्मगुरू परत आल्यावर त्यांच्या कानावर सर्व घातले. ते भले गृहस्थ होते. नाताळपर्यंत योग्य वेळ पाहून बोलतो म्हणाले. मी रोमला परतलो आणि परीक्षेच्या तयारीला लागलो.

पुढच्या वर्षी ईस्टरच्या शुभेच्छा देण्यासाठी त्यांना दूरध्वनी केला तेव्हा आठवणीने त्याची चौकशी केली. तो जानेवारीतच काम सोडून गेला होता. मांतोव्हाकडे गेला असावा, नक्की कोणालाच माहीत नव्हते. त्याच्या जागी दोन दिवसांत त्याच्याच ओळखीचा दुसरा मुलगा आला, असे धर्मगुरूंनी सांगितले. धार एकदाही चुकली नव्हती.